‘नेक टू नेक’ की ‘नेक अँड नेक’? स्पर्धेबद्दल इंग्रजीत लिहिताना

प्रश्न असा आहे: ऑफिसचा अहवाल, कॉलेजचा निबंध, नोकरीचा अर्ज किंवा कोटेशनसोबतचं पत्र इंग्रजीत लिहायचं असतं. त्यात चुरस, टक्कर, बाजी मारणं, वरचढ ठरणं हे सगळं येतं. पाठ केलेले इंग्रजी वाक्प्रचार हाताशी असतात, पण वाक्यात बसवले की खटकतात. असं का होतं आणि ते बरोबर कसे वापरायचे?

बहुतेक वेळा वाक्प्रचाराचा अर्थ चुकलेला नसतो. चूक तीनपैकी एका ठिकाणी असते. एक, त्याच्यासोबतचं प्रिपोझिशन किंवा ‘अ’, ‘द’ हे आर्टिकल मराठीतून ओढून आणलेलं असतं. दोन, वाक्प्रचार शर्यतीच्या ज्या क्षणाचा आहे त्या क्षणी तो वापरलेला नसतो. तीन, त्या वाक्प्रचारात दडलेलं मत, म्हणजे कौतुक की नापसंती, हे लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेलं नसतं. या तीन गोष्टी तपासायची सवय लागली की पन्नास वाक्प्रचारांची यादी पाठ करायची गरज उरत नाही. पंधरा नीट येत असले तरी नेहमीचं लिखाण निभावतं.

आधी साधी क्रियापदं

‘कॉम्पीट’ या क्रियापदाला थेट कर्म लागत नाही. ‘दे कॉम्पीट ईच अदर’ चूक. मध्ये प्रिपोझिशन हवंच, आणि कोणतं ते पुढे काय येतं यावर ठरतं. माणूस किंवा कंपनी असेल तर ‘विथ’ किंवा ‘अगेन्स्ट’. बक्षीस, जागा, कंत्राट असेल तर ‘फॉर’. शर्यत किंवा सामना असेल तर ‘इन’. आणि कशाच्या जोरावर स्पर्धा करतोय ते सांगायचं तर ‘ऑन’. ‘वी कॉम्पीट विथ टू लार्जर फर्म्स फॉर गव्हर्नमेंट काँट्रॅक्ट्स, अँड वी कॉम्पीट ऑन क्वालिटी, नॉट ऑन प्राइस.’ या एका वाक्यात तीन प्रिपोझिशनं आहेत. ते वाक्य पाठ केलंत तर तक्ता लागणार नाही. ‘विथ’ आणि ‘अगेन्स्ट’ यांत फार फरक नाही, पण समोरासमोरची लढत असेल तर ‘अगेन्स्ट’ अधिक नेमकं बसतं.

‘विन’ आणि ‘बीट’ यांची गल्लत मराठी लेखनात सर्रास दिसते. ‘विन’चं कर्म सामना, पदक, निवडणूक, कंत्राट. ‘बीट’चं कर्म प्रतिस्पर्धी. ‘वी वन देम’ असं इंग्रजीत होत नाही. 1983 च्या विश्वचषकाचं उदाहरण घ्या. लॉर्ड्सवर भारताने 183 धावा केल्या आणि वेस्ट इंडीजला 140 वर रोखलं. हे तीन तऱ्हांनी लिहिता येतं: ‘इंडिया बीट द वेस्ट इंडीज बाय 43 रन्स’, ‘इंडिया वन द फायनल बाय 43 रन्स’, ‘इंडिया वन द 1983 वर्ल्ड कप’. फरकासाठी ‘बाय’ लागतं. ‘43 धावांनी’ मधल्या ‘नी’चं भाषांतर म्हणून अनेकजण ‘विथ 43 रन्स’ लिहितात, ते चूक. गुणफलक लिहायचा असेल तर प्रिपोझिशनच नको: ‘दे बीट अस 2-1’.

रूपंही पक्की करून घ्या. विन, वन, वन. बीट, बीट, बीटन. ‘ही वॉज बीट’ नाही, ‘ही वॉज बीटन’. ‘लूझ’ म्हणजे हरणे, त्याच्या स्पेलिंगमध्ये एकच ‘ओ’. दोन ‘ओ’ घातले की अर्थ ‘सैल’ होतो. ‘लीड’चा भूतकाळ ‘लेड’, त्यात ‘ए’ येत नाही. ‘ए’ ठेवून तसाच उच्चार केला तर ते शिसं हा धातू झाला. ‘व्हाय फॉर’ (स्पेलिंग व्ही-आय-ई) म्हणजे एखाद्या गोष्टीसाठी चढाओढ करणे; त्याला ‘आयएनजी’ लावताना ‘आयई’ जाऊन ‘वाय’ येतो. स्पेलचेकर यातल्या काही चुका पकडत नाही, कारण चुकीचं स्पेलिंगही खराच शब्द असतो.

आता मराठीच्या विभक्ती इंग्रजीत शिरतात तेव्हा काय होतं ते पाहू, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. ‘मी त्याच्याकडून हरलो’ म्हणून ‘आय लॉस्ट फ्रॉम हिम’ लिहिलं जातं. इंग्रजीत ‘आय लॉस्ट टू हिम’. ‘त्याच्यापेक्षा पुढे’ म्हणून ‘अहेड दॅन हिम’; हवं ‘अहेड ऑफ हिम’. ‘त्यांच्यापेक्षा सरस’ म्हणून ‘सुपीरियर दॅन देअर्स’; हवं ‘सुपीरियर टू देअर्स’. ‘त्याच्यासमोर टिकला नाही’ म्हणून ‘कुड नॉट स्टँड इन फ्रंट ऑफ हिम’, ज्याचा अर्थ इंग्रजी वाचकाला ‘त्याच्या पुढ्यात उभा राहू शकला नाही’ असा लागेल. तिथे ‘वॉज नो मॅच फॉर हिम’ लिहा. ‘तोडीस तोड’ साठी उलट, ‘वॉज अ मॅच फॉर हिम’ किंवा ‘वॉज ऑन अ पार विथ हिम’. अमेरिकन लिखाणात यातला ‘अ’ बहुधा गळतो, ‘ऑन पार विथ’. दोन्ही चालतात, पण एका मजकुरात एकच ठेवा. ‘इक्वल विथ’ मात्र नको.

‘टक्कर दिली’ हा शब्द फार त्रास देतो. ‘दे आर गिव्हिंग अस टफ कॉम्पिटिशन’ भारतात सर्वत्र ऐकू येतं आणि इथे समजतं. बाहेरच्या वाचकाला ते अडखळवतं, कारण इंग्रजीत स्पर्धा सहसा ‘देत’ नाहीत, तिला ‘फेस’ करतात. ‘वी फेस स्टिफ कॉम्पिटिशन फ्रॉम देम.’ इथे ‘फ्रॉम’ योग्य आहे. मघाच्या ‘लॉस्ट फ्रॉम’सारखं नाही. किंवा ‘दे गेव्ह अस अ टफ फाइट’. ‘फाइट’ देणं रूढ आहे, ‘टफ कॉम्पिटिशन’ देणं तितकं नाही.

‘कॉम्पिटिशन’, ‘कॉम्पिटिटिव्ह’ आणि ‘कॉम्पिटंट’

‘कॉम्पिटिशन’ हे नाम दोन कपड्यांत येतं. निबंध स्पर्धा, गायन स्पर्धा असा कार्यक्रम असेल तर ते मोजता येतं: ‘ॲन एसे कॉम्पिटिशन’, ‘थ्री कॉम्पिटिशन्स’. बाजारातली चढाओढ असेल तर मोजता येत नाही, ‘अ’ लागत नाही, अनेकवचन होत नाही: ‘देअर इज स्टिफ कॉम्पिटिशन इन धिस सेक्टर’. ‘या क्षेत्रात मोठी स्पर्धा आहे’ याचं ‘देअर इज अ बिग कॉम्पिटिशन इन धिस फील्ड’ असं केलं की वाचकाला वाटतं, कुठलासा मोठा कार्यक्रम भरलाय. शिवाय ‘द कॉम्पिटिशन’ असं ‘द’ लावून लिहिलं तर व्यवसायाच्या लिखाणात त्याचा अर्थ ‘आपले सगळे प्रतिस्पर्धी’ असा होतो: ‘वी आर अहेड ऑफ द कॉम्पिटिशन.’

या नामाला कोणती विशेषणं शोभतात हेही ठरलेलं आहे. ‘कीन’ सौम्य आणि जरा औपचारिक, ‘स्टिफ’ आणि ‘टफ’ त्याहून जोरकस, ‘इंटेन्स’ आणि ‘फिअर्स’ आणखी तीव्र, आणि ‘कट-थ्रोट’ सगळ्यात टोकाचं. ‘हार्ड’, ‘हाय’, ‘बिग’ ही तीन विशेषणं इथे बसत नाहीत. चुरशीची लढत म्हणजे ‘क्लोज काँटेस्ट’ किंवा ‘टाइट रेस’. निवडणूक असेल तर ‘अ क्लोजली काँटेस्टेड सीट’. आणि ‘काँटेस्ट’ क्रियापद म्हणून आलं तर त्याला ‘इन’ लागत नाही: ‘शी काँटेस्टेड द इलेक्शन’. निवडणुकीला ‘फाइट’ करणं हे भारतीय वृत्तपत्री इंग्रजीत सतत दिसतं. ब्रिटिश वाचकासाठी ‘स्टँड’, अमेरिकन वाचकासाठी ‘रन फॉर’ हे ओळखीचं.

‘कॉम्पिटिटिव्ह’ या विशेषणाचा अर्थ पुढच्या नामाप्रमाणे पालटतो. ‘अ कॉम्पिटिटिव्ह मार्केट’ म्हणजे जिथे चढाओढ आहे असा बाजार. ‘कॉम्पिटिटिव्ह प्राइस’ म्हणजे इतरांच्या तुलनेत टिकेल असा भाव, स्पर्धा करणारा भाव नव्हे. ‘कॉम्पिटिटिव्ह सॅलरी’ म्हणजे अशाच कामाला इतरत्र मिळतो त्या तोडीचा पगार. माणसाला लावलं तर जिंकण्याची ईर्ष्या असलेला. ‘शी हॅज अ कॉम्पिटिटिव्ह स्ट्रीक’ म्हणजे तिच्या स्वभावात ती ईर्ष्या आहे. संघाबद्दल सांगताना हे गुण म्हणून चालेल, पण सहकाऱ्याच्या शिफारसपत्रात जपून वापरा, कारण ‘इतरांशी जमवून घेत नाही’ अशी छटा येऊ शकते.

याच्या शेजारीच ‘कॉम्पिटंट’ उभा असतो, आणि घोळ होतो. ‘कॉम्पिटंट’ म्हणजे सक्षम. सरकारी आदेशांतला ‘कॉम्पिटंट अथॉरिटी’, म्हणजे सक्षम प्राधिकारी, आपल्या ओळखीचा आहे. ‘अवर प्राइसेस आर कॉम्पिटंट’ याला काहीच अर्थ नाही. त्यांची नामंही वेगळी: ‘कॉम्पिटन्स’ म्हणजे सक्षमता, ‘कॉम्पिटिटिव्हनेस’ म्हणजे स्पर्धेत टिकण्याची ताकद. निर्यातीबद्दलच्या अहवालात ‘एक्सपोर्ट कॉम्पिटिटिव्हनेस’ येईल, ‘एक्सपोर्ट कॉम्पिटन्स’ नाही. कायद्याच्या भाषेत एक जोडशब्द पक्का आहे: 2002 च्या स्पर्धा अधिनियमात बाजारातली स्पर्धा मारणाऱ्या करारांना ‘अँटी-कॉम्पिटिटिव्ह अग्रीमेंट्स’ म्हटलंय. तिथे ‘अँटी-कॉम्पिटिशन’ लिहू नका.

समोरच्याला काय म्हणायचं? एका सामन्यापुरता समोर उभा असलेला तो ‘ओपोनंट’. वर्षानुवर्षं ज्याच्याशी ईर्ष्या चालते तो ‘रायव्हल’. व्यवसायात तटस्थपणे ‘कॉम्पिटिटर’. परीक्षेत आणि निवडणुकीत ‘कँडिडेट’, टीव्हीवरच्या किंवा रंगमंचावरच्या स्पर्धेत ‘काँटेस्टंट’. ‘कंटेंडर’ मात्र फक्त त्यालाच, ज्याला जिंकायची खरी संधी आहे: ‘अ स्ट्राँग कंटेंडर फॉर द टायटल’. दहा हजार जण धावतात त्या मॅरेथॉनमध्ये सगळे ‘पार्टिसिपंट्स’ असतात, ‘कंटेंडर्स’ मोजके. अधिकृत पत्रात दुसऱ्या कंपनीला ‘रायव्हल’ म्हणण्यापेक्षा ‘कॉम्पिटिटर’ म्हणणं सभ्य.

वाक्प्रचार शर्यतीच्या कोणत्या क्षणाचा?

इंग्रजीतले स्पर्धेचे बरेच वाक्प्रचार घोड्यांच्या शर्यतीतून, मुष्टियुद्धातून आणि मैदानी खेळांतून आले आहेत. त्यामुळे प्रत्येकाला स्वतःची वेळ आहे: सुरुवातीचा, मधला, शेवटच्या टप्प्याचा, निकालाचा. ती वेळ चुकली की व्याकरण बरोबर असूनही वाक्य फसतं.

सुरुवातीचे दोन. ‘हेड स्टार्ट’ म्हणजे इतरांच्या आधी निघायला मिळाल्याने आलेला फायदा: ‘हॅव अ हेड स्टार्ट ओव्हर समवन’. ‘जंप द गन’ म्हणजे इशाऱ्याच्या आधीच पळत सुटणं, घाई करणं. यात चूक दाखवली जाते. ‘आम्ही इतरांच्या आधी बाजारात उतरलो’ हे अभिमानाने सांगताना ‘वी जंप्ड द गन’ लिहिलं तर तुम्ही स्वतःलाच दोष दिलात. तिथे ‘वी गॉट अ हेड स्टार्ट’ किंवा, गुपचूप आधी पाऊल उचलून मात केली असेल, तर ‘वी स्टोल अ मार्च ऑन देम’. यातलं ‘ऑन’ विसरू नका.

मधल्या क्षणाचा राजा म्हणजे ‘नेक अँड नेक’. दोन घोड्यांच्या माना एका रेषेत, कोण पुढे ते सांगता येत नाही. भारतीय लिखाणात ‘नेक टू नेक’ इतकं रुळलंय की छापील मथळ्यांतही दिसतं, पण प्रमाण रूप ‘अँड’चंच. त्याच्यापुढे ‘विथ’: ‘अवर ब्रँड इज नेक अँड नेक विथ देअर्स’. महत्त्वाचं म्हणजे ही अवस्था आहे, निकाल नाही. ‘वी वन नेक अँड नेक’ असं होत नाही. ‘नेक अँड नेक’ नंतर पुढे काय झालं ते सांगायचं तर ‘पुल अहेड ऑफ’ म्हणजे पुढे सरकणं, ‘फॉल बिहाइंड’ म्हणजे मागे पडणं, ‘कॅच अप विथ’ म्हणजे गाठणं, ‘नॅरो द गॅप’ म्हणजे अंतर कमी करणं. ही साधी क्रियापदं आहेत आणि अहवालात वाक्प्रचारांपेक्षा जास्त कामाची आहेत.

‘हॅव ॲन एज ओव्हर’ आणि ‘गेन द अप्पर हँड’ हे दोन्ही मराठीत ‘वरचढ’ होतात, पण मापं वेगळी. ‘एज’ म्हणजे किंचित सरशी, ‘अप्पर हँड’ म्हणजे लढतीची सूत्रं हातात येणं. ‘एज’ला ‘ॲन’, ‘अप्पर हँड’ला ‘द’. आणि ‘ऑन एज’ पूर्ण वेगळं, त्याचा अर्थ अस्वस्थ, ताणाखाली.

शेवटच्या टप्प्याचे वाक्प्रचार नेमके वापरले तर परिणाम मोठा होतो. ‘द होम स्ट्रेट’, अमेरिकेत ‘द होम स्ट्रेच’, म्हणजे अंतिम रेषेकडे जाणारा सरळ पट्टा, काम संपत आल्याचा क्षण. ‘गो डाउन टू द वायर’ म्हणजे शेवटच्या घडीपर्यंत निकाल न लागणं. अमेरिकेत घोड्यांच्या शर्यतीत अंतिम रेषेवर ताणलेली तार असायची, ती ही तार. 2007 मधला जोहान्सबर्गचा ट्वेंटी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना आठवा. पाकिस्तानचा शेवटचा गडी शेवटच्या षटकात बाद झाला आणि भारत 5 धावांनी जिंकला. ‘द फायनल वेंट डाउन टू द वायर’ हे त्या सामन्याला चपखल. यात कर्ता सामना असतो, संघ नाही. ‘इंडिया वेंट डाउन टू द वायर’ लिहिलं तर घोटाळा, कारण नुसत्या ‘वेंट डाउन’चा अर्थ हरणं असाही होतो.

निकालाचे वाक्प्रचार फरकाच्या मापाने निवडा. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत बीड जिल्ह्याचा अविनाश साबळे 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये 8 मिनिटं 11.20 सेकंदांत आला. केनियाचा अब्राहम किबिवॉट 8 मिनिटं 11.15 सेकंदांत. अवघ्या 0.05 सेकंदाचं अंतर. इथे ‘फोटो फिनिश’, ‘बाय अ व्हिस्कर’, ‘नॅरोली मिस्ड गोल्ड’ सगळं शोभतं. उलट टोक म्हणजे 2023 च्या आशिया चषकाचा कोलंबोतला अंतिम सामना: श्रीलंका 50 धावांत गारद, भारत 10 गडी राखून विजयी. हे ‘वन हँड्स डाउन’. घोडेस्वार इतका पुढे असतो की लगाम सैल सोडून हात खाली घेतो, त्यावरून हा वाक्प्रचार आला. तो ‘विन’ किंवा ‘बीट’च्या नंतर येतो. 43 धावांच्या विजयाला ‘हँड्स डाउन’ म्हणणं अतिशयोक्ती, आणि ‘फोटो फिनिश’ म्हणणंही चूक. असे मधले विजय आकडा देऊनच सांगावेत, वाक्प्रचाराचा मोह टाळावा.

‘गिव्ह समवन अ रन फॉर देअर मनी’ हा आपल्याकडे हमखास चुकणारा. अर्थ असा, की जिंकणं ज्याला सोपं वाटत होतं त्याच्या नाकी नऊ आणणं. टक्कर देणारा जिंकला असं यात अभिप्रेत नाही. बहुधा तो हरलेलाच असतो. म्हणून ‘वी गेव्ह देम अ रन फॉर देअर मनी अँड बिकेम मार्केट लीडर’ हे विसंगत वाटतं. ‘देअर’ माणसाप्रमाणे बदलतं: ‘दे गेव्ह अस अ रन फॉर अवर मनी’. ‘रन’ एकवचनी, ‘अ’ सकट.

‘डार्क हॉर्स’ आणि ‘अंडरडॉग’ एक नव्हेत. ‘डार्क हॉर्स’ म्हणजे ज्याची ताकद कुणाला ठाऊक नव्हती आणि जो अचानक पुढे आला, आपला छुपा रुस्तम. 1844 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाची उमेदवारी अनपेक्षितपणे मिळून निवडून आलेले जेम्स पोक हे याचं ठरलेलं उदाहरण. ‘अंडरडॉग’ म्हणजे जो हरेल असं सगळ्यांना वाटतं, त्याची बाजू दुबळी आहे हे उघड आहे. 1983 च्या अंतिम सामन्यात समोर 1975 आणि 1979 चे विजेते होते, भारत ‘अंडरडॉग’ होता. काळा रंग म्हणजे वाईट, या समजुतीने काहीजण ‘डार्क हॉर्स’ला निंदा मानतात, तशी छटा यात नाही.

माघार घेण्यासाठी ‘थ्रो इन द टॉवेल’, मुष्टियुद्धातून आलेला. हा वाक्प्रचार अनौपचारिक आहे, आणि त्यात हार मान्य केलेली असते. निविदेतून नाव मागे घेतल्याचं पत्र लिहिताना ‘विथड्रॉ फ्रॉम’ लिहा.

दडलेलं मत

काही वाक्प्रचार उच्चारताच तुमची नापसंती कळते. ‘रॅट रेस’ त्यातला. नेहमी ‘द’ लागतो आणि ही धावपळ निरर्थक आहे असं त्यात गृहीत असतं. नोकरीच्या अर्जात ‘आय ॲम रेडी फॉर द रॅट रेस’ लिहिणं म्हणजे ज्या कंपनीत जायचंय तिच्या कामालाच निरर्थक म्हणणं. ‘डॉग-ईट-डॉग’ आणि ‘कट-थ्रोट’ यांतही निर्दयपणावर बोट आहे. बातमीत, लेखात ते चालतात. स्वतःच्या कंपनीच्या वार्षिक अहवालात ‘इंटेन्स’ पुरे. ‘हेल्दी कॉम्पिटिशन’ उलट बाजूचं, कौतुकाचं. ‘कीप अप विथ द जोन्सेस’ फक्त दिखाव्याच्या चढाओढीला लावा: शेजाऱ्यांनी गाडी घेतली म्हणून आपणही घेणं. 1913 साली न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात सुरू झालेल्या चित्रपट्टीच्या नावावरून तो रूढ झाला. विद्यार्थी अभ्यासात एकमेकांशी स्पर्धा करतात त्याला तो लावता येत नाही.

‘लेव्हल प्लेइंग फील्ड’ नियमांबद्दल आहे, कुवतीबद्दल नाही. निवडणूक आयोग आचारसंहितेच्या संदर्भात हा शब्दप्रयोग सतत वापरतो, कारण तिथे सगळ्या पक्षांना सारखे नियम हाच मुद्दा असतो. ‘एन्शुअर’, ‘क्रिएट’, ‘प्रोव्हाइड’ ही क्रियापदं, शब्दप्रयोगाच्या आधी ‘अ’, नंतर ‘फॉर’: ‘एन्शुअर अ लेव्हल प्लेइंग फील्ड फॉर ऑल बिडर्स’. ‘दोन्ही संघ तुल्यबळ होते’ याला हा लावू नका. तिथे ‘इव्हनली मॅच्ड’ हवं. खेळ चालू असताना नियमच बदलले तर ‘मूव्ह द गोलपोस्ट्स’. यात सरळ आरोप आहे. निविदेच्या अटी बदलल्याची तक्रार करताना तो वापराल तर पत्र चढ्या आवाजाचं होतं. आधी सौम्य पत्र पाठवायचं असेल तर ‘द टर्म्स वेअर रिवाइज्ड आफ्टर द लास्ट डेट’ एवढंच पुरतं, आणि जास्त टोचतं.

‘सेकंड टू नन’ म्हणजे सर्वोत्तम, कुणाहूनही कमी नाही. ‘सेकंड बेस्ट’ म्हणजे सर्वोत्तम नव्हे. पहिलं स्तुती, दुसरं नाही. आणि ‘रनर-अप’चं अनेकवचन ‘रनर्स-अप’. प्रमाणपत्रावरचं ‘फर्स्ट रनर-अप’ म्हणजे दुसरा क्रमांक, हे बायोडाटात उतरवताना लक्षात ठेवा; ‘फर्स्ट’ पाहून पहिला क्रमांक लिहिलात तर ती खोटी माहिती ठरते.

इथे चालतं, बाहेर अडतं

भारतीय इंग्रजी ही काही चुकांची यादी नव्हे. तिचे स्वतःचे रुळलेले शब्द आहेत. ‘टॉपर’, ‘स्टूड फर्स्ट’, ‘क्लिअर्ड द एक्झाम’ हे पुण्यातल्या वाचकाला लगेच कळतं. पण मँचेस्टर किंवा टोरंटोच्या विद्यापीठाला अर्ज जाणार असेल तर ‘रँक्ड फर्स्ट इन अ क्लास ऑफ 120’, ‘केम फर्स्ट’, ‘पास्ड’ असं लिहा. ‘परीक्षा दिली’ म्हणून ‘गेव्ह द एक्झाम’ मात्र टाळाच, कारण बाहेर परीक्षा ‘देतो’ तो शिक्षक. विद्यार्थी ती ‘टेक’ करतो किंवा ‘सिट’ करतो. ‘कॉम्पिटिटिव्ह एक्झाम’ म्हणून नुसतं सोडू नका, परीक्षा कशासाठी होती ते जोडा: ‘अ हायली कॉम्पिटिटिव्ह एक्झाम फॉर द स्टेट सिव्हिल सर्व्हिसेस’.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत इंग्रजीचा सक्तीचा पेपर 300 गुणांचा आणि केवळ पात्रतेचा आहे. त्यात 25 टक्के मिळाले की पुरे. तिथे निबंधात सहा वाक्प्रचार कोंबून काही साधत नाही. स्वच्छ वाक्यं, बरोबर काळ, बरोबर प्रिपोझिशन यांनीच तो पेपर सुटतो. वाक्प्रचार आलाच तर परिच्छेदात एक. दोन आले की प्रतिमा एकमेकींवर आदळतात: ‘इन धिस रॅट रेस वी नीड अ लेव्हल प्लेइंग फील्ड’ यात उंदीरही आहेत आणि मैदानही, आणि ज्या धावपळीला आपण निरर्थक म्हणतोय तिच्यासाठीच न्याय्य नियम मागतोय.

वाक्प्रचाराऐवजी एक शब्द पुरत असेल तर ‘आउट’ने सुरू होणारी क्रियापदं पाहा. ‘आउटसेल’ म्हणजे विक्रीत मागे टाकणं, ‘आउटबिड’ म्हणजे जास्त बोली लावणं, ‘आउटपरफॉर्म’ म्हणजे सरस कामगिरी करणं, ‘आउटलास्ट’ म्हणजे अधिक काळ टिकणं. यांच्या पुढे थेट कर्म येतं. ‘दॅन’ नको, ‘विथ’ नको: ‘अवर मॉडेल आउटसोल्ड देअर्स’.

एक नमुना परिच्छेद दुरुस्त करून दाखवतो, म्हणजे हे सगळं एकत्र दिसेल. मूळ मजकूर, एखाद्या लहान कारखान्याच्या कोटेशनपत्रात येतो तसा: ‘नाऊ अ डेज देअर इज बिग कॉम्पिटिशन इन द मार्केट. वी आर गिव्हिंग टफ कॉम्पिटिशन टू ऑल. लास्ट इयर वी वन वन ओल्ड कंपनी विथ 200 युनिट्स. अवर क्वालिटी इज सुपीरियर दॅन अदर्स अँड अवर रेट्स आर कॉम्पिटंट. वी आर नेक टू नेक विथ नंबर वन कंपनी.’

दुरुस्त: ‘कॉम्पिटिशन इन धिस मार्केट इज स्टिफ. लास्ट इयर वी आउटसोल्ड ॲन एस्टॅब्लिश्ड कॉम्पिटिटर बाय 200 युनिट्स. अवर क्वालिटी इज सेकंड टू नन, अँड अवर रेट्स आर कॉम्पिटिटिव्ह. वी आर नाऊ नेक अँड नेक विथ द मार्केट लीडर.’

‘टक्कर देतोय’ हे वाक्य पूर्ण काढलं, कारण पुढच्या वाक्यातला 200 चा आकडा तेच जास्त खात्रीने सांगतो. ‘सेकंड टू नन’ जरा मोठा दावा आहे. पुरावा जोडता येत नसेल तर ‘अवर क्वालिटी कम्पेअर्स वेल विथ द बेस्ट’ लिहा. ‘नेक अँड नेक’ शेवटी ठेवला, आणि त्याआधी दुसरा कुठलाही शर्यतीचा वाक्प्रचार येऊ दिला नाही.

नवा वाक्प्रचार सापडला की लगेच वापरू नका. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचे ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा लाँगमनचे शब्दकोश ऑनलाइन मोफत आहेत. त्यात तो उघडा. आधी नोंदीजवळची खूण पाहा: ‘इन्फॉर्मल’ असेल तर अधिकृत पत्रातून वगळा, ‘डिसअप्रूव्हिंग’ असेल तर कुणाला लावतोय ते दोनदा तपासा. मग उदाहरणवाक्यातलं आर्टिकल आणि प्रिपोझिशन जसंच्या तसं उतरवून घ्या. कर्ता माणूस आहे की सामना, तेही त्या वाक्यातच दिसतं. त्यानंतर त्याच साच्यात तुमच्या कामाचं एक वाक्य लिहा. एवढ्यावर वाक्य अडखळत असेल, तर वाक्प्रचार सोडून साधं क्रियापद घ्या.